एलियाहू हनाबीचे कीर्तन बसवताना : प्रकल्पाच्या नोंदी

मुंबई परिसरातल्या काही बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू) कुटुंबांनी, म्हणजे मुलांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी मिळून, एक मराठी कीर्तन बसवले, त्या कामाच्या या नोंदी आहेत. पुणे, पनवेल, अलिबागच्या मंडळींना किंवा इस्राएलमधल्या मराठी कुटुंबांना असे काही करायचे असेल, तर आमचा वाया गेलेला वेळ आणि पैसा निदान त्यांचा तरी वाचावा, एवढाच हेतू आहे.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

नव्याच्या सणापासून सिम्हा तोरापर्यंतची सणांची रांग आटोपल्यावर मुलांच्या धार्मिक वर्गाचे काय करायचे, यासाठी आज बैठक झाली. गेल्या वर्षी हा वर्ग पडद्यावर चित्रे दाखवून आणि शेवटी प्रश्नमंजूषा घेऊन चालवला होता. मुले उत्तरे बरोबर देत, बक्षिसाचे चॉकलेट घेत आणि पुढच्या आठवड्यात येत नसत. आईवडील मागच्या बाकावर मोबाइल पाहत बसत आणि आजीआजोबांना तर तिथे बोलावण्याचे कारणच उरले नव्हते, कारण त्यांना जे ठाऊक होते ते कोणी विचारत नव्हते.

कीर्तन बसवण्याची सूचना एका निवृत्त शिक्षिकेने केली. आपल्या समाजात ही गोष्ट नवी नाही. १८८० च्या दशकात मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्या मंडळींनी हिंदू कीर्तनाचा साचा घेऊन तनाख या ज्यू धर्मग्रंथातील चरित्रे मराठी पदांत आणि साकी-दिंडी या छंदांत बांधली, कीर्तनासाठी मंडळ काढले आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे ही नावे पुस्तकापेक्षा आधी कीर्तनातच ऐकली. आज साठीच्या पुढच्या लोकांना त्यातले काही आठवते, त्याखालच्या कोणालाही नाही.

आख्यान कोणते घ्यायचे, यावर फार वाद झाला नाही. एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचे रथात बसलेले चित्र आपल्या घराघरांत भिंतीवर असते आणि मलिदा, म्हणजे त्याच्या नावाने गोड पोहे आणि फळे ठेवून करायचा विधी, तर लग्न, बारसे, नवस, नवीन घर अशा प्रत्येक निमित्ताने होतो. असे असून एलियाहूने नेमके काय केले हे मुलांना विचारले, तेव्हा ‘तो रथातून वर गेला’ यापलीकडे उत्तर आले नाही. त्यामुळे तनाखमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातली सारफथच्या विधवेची कथा घ्यायची, असे ठरले: दुष्काळ, आटलेला ओहोळ, मूठभर पीठ आणि न संपणारे तेल. कोकणात तेलाच्या घाण्यावर पोट भरलेल्या समाजाला यापेक्षा जवळची कथा मिळाली नसती. सादरीकरण तू बिश्वात या झाडांच्या सणाच्या आसपास करायचे. तो सण यंदा १३ फेब्रुवारीला आहे आणि एलियाहूच्या मलिद्याचा आपल्याकडचा मोठा दिवसही तोच.

२३ नोव्हेंबर, शनिवार

वेळ ठरवण्यातच पंधरवडा गेला. रविवारी सकाळी मुलांच्या शिकवण्या असतात, दुपारी मोठ्यांना झोप हवी असते आणि संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी समारंभ निघतो. शनिवारी सगळे मोकळे असतात, परंतु शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी पेटी वाजवता येत नाही आणि लिहूनही घेता येत नाही. अखेर शनिवारी रात्री, तारे दिसून शब्बाथ संपल्यावरचा हव्दालाचा विधी झाल्यावर, तालीम घ्यायची असे ठरले. थंडीत मुंबईत तारे लवकर दिसतात, त्यामुळे सात वाजता सुरू करून नऊपर्यंत मुलांना घरी सोडता येते. उन्हाळ्यात हे जमणार नाही, हे इतर गटांनी लक्षात ठेवावे.

ही केवळ सोयीची वेळ होती, पण तिचा एक लाभ आमच्या आराखड्यात नव्हता. सगळ्यांना हव्दालासाठी यावेच लागले. वेणीच्या मेणबत्तीचा उजेड नखांवर पाहायचा, सब्जाची डहाळी आणि लवंग हुंगत ती पुढच्याच्या हातात द्यायची, हे आजवर बऱ्याच घरांत मागे पडले होते. आज पाहुणे धरून तीस माणसे होती. हव्दाला संपताच पेटी उघडली.

दुसरा प्रश्न जागेचा होता. सिनेगॉगमध्ये तोरा ठेवतात त्या हेखालसमोर पेटी-तबला नको, असे काही ज्येष्ठांनी स्पष्ट सांगितले. वाद घालण्याऐवजी आम्ही बाजूचे सभागृह घेतले आणि तेच बरे झाले, कारण तिथे सतरंजीवर बसता येते, मुलांना उठबस करता येते आणि चहा आणता येतो.

७ डिसेंबर, शनिवार

एका आजींनी आपल्या सासऱ्यांची कीर्तनाची वही आणून दिली. कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कोपरा हातात येतो. झेरॉक्स यंत्राच्या काचेवर ती पालथी घालून दाबली असती तर शिवण सुटली असती, म्हणून खिडकीजवळ टेबलावर वही उशीवर ठेवून फोनने प्रत्येक पानाचे चित्र काढले. या कामाला मोठ्या मुली बसवल्या. एकीने पान धरायचे, दुसरीने चित्र काढायचे, तिसरीने पानाचा क्रमांक मोठ्याने म्हणायचा. क्रमांक म्हणणे हा खेळ वाटला तरी त्यामुळेच मधले एक पान सुटल्याचे लगेच कळले.

वहीत एलियाहूचे आख्यान संपूर्ण नाही. कार्मेल डोंगराचा भाग आहे, सारफथचा भाग सुरुवातीच्या दोन पदांनंतर तुटतो. याहून मोठी अडचण अशी की प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून त्या काळच्या एखाद्या नाट्यपदाचे पहिले दोन शब्द लिहिले आहेत. वही लिहिणाऱ्याला तेवढे पुरेसे होते. आम्हाला त्यातल्या निम्म्या चाली ठाऊक नाहीत. आजींनाही शब्द आठवतात, चाल अर्ध्यावर हरवते.

वहीतली पदे जशीच्या तशी घ्यायची नाहीत, असे येथेच ठरवले. ती आपल्याजवळ राहतील, अभ्यासाला येतील. पण आपले कीर्तन मुलांनी स्वतः बांधायचे. तयार पद पाठ करण्यासाठी कथा समजण्याची गरज पडत नाही, स्वतः ओळ जुळवताना मात्र ती विधवा काड्या का वेचत होती हे विचारावेच लागते.

१५ डिसेंबर, रविवार

चालींसाठी इस्राएलमधल्या नातेवाइकांकडे धाव घेतली. अश्दोद, बेर शेवा, दिमोना येथल्या काही वृद्ध स्त्रियांना कीर्तनातल्या साकी आणि दिंडी चांगल्या आठवतात, असे कळले होते. आज व्हिडिओ कॉल लावून सर्वांनी मिळून गायचा प्रयत्न केला आणि तो साफ फसला. आवाज तिकडून येईपर्यंत इकडची ओळ पुढे गेलेली असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना समोरचा बेताल वाटतो. शिवाय रविवार हा तिकडे कामाचा दिवस असल्याने फोन लावून देणारी लेक घरी नव्हती आणि आजींनी फोन बराच वेळ उलटा धरला होता.

यावर उपाय म्हणून कॉलचा नाद सोडून ध्वनिसंदेश मागवायला सुरुवात केली. एका वेळी एकच ओळ, टाळी देऊन, दोनदा म्हणायची. तिकडून आलेली ओळ येथल्या मुलाने पाठ करून, स्वतःच्या आवाजात परत पाठवायची आणि चुकली असेल तर आजींनी सांगायचे. प्रत्येक मुलाला एकच ओळ आणि एकच आजी नेमून दिली. या नेमणुकीमुळे वर्गाचे रूपच पालटले. जो मुलगा आजवर तोंड उघडत नव्हता त्याला दिमोनाहून त्याच्या मावसआजीचा संदेश येतो की ‘बाळा, “पीठ” म्हणताना खाली येऊ नकोस, वरच राहा’, आणि तो शाळेच्या बसमध्ये बसून ती ओळ गुणगुणत राहतो. संदेशांत पुढे पुढे साकीबरोबर इतर गोष्टीही येऊ लागल्या: रेवदंड्याच्या घरातली विहीर, चिकाच्या हलव्यासाठी रात्री भिजत घातलेले गहू, पेसाहच्या सणाआधी भांडी घासायला जमलेल्या जावा. तेही सगळे जपून ठेवत आहोत.

वेळेचा हिशेब ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी: हिवाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत तिकडे संदेश पाठवू नये. सोमवार ते गुरुवार आपल्याकडची संध्याकाळ ही दोन्हीकडे सोयीची वेळ ठरली.

२८ डिसेंबर, शनिवार

हनुक्का या दिव्यांच्या सणाची चौथी ज्योत लावून तालमीला बसलो. आज तबल्यासाठी दादरकडचे एक बुवा आले. ते नारदीय कीर्तनाला साथ करतात. त्यांना तनाखची कथा ठाऊक नव्हती, पण कीर्तनाचा साचा त्यांच्या बोटांत आहे, आणि आमच्या समाजाने तो साचा जिथून घेतला तिथल्याच माणसाकडून तो पुन्हा शिकणे हे मला फार योग्य वाटले. त्यांनी सुरुवातीलाच तीन गोष्टी दुरुस्त केल्या. पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, मुले कथाच सांगू लागली होती. तेथे आधी एक वचन घेऊन त्याचे निरूपण करायचे आणि कथा उत्तररंगासाठी राखायची. दुसरे म्हणजे गद्य आणि पद्य यांच्यामध्ये मुले थांबत होती. बुवा म्हणाले की गद्याचे शेवटचे वाक्य संपण्याआधी पेटीने पुढच्या पदाचा सूर धरला पाहिजे. तिसरे, ध्रुपद (पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ) असे हवे की श्रोत्यांनी एकदा ऐकून ते उचलावे.

ध्रुपदासाठी अध्यायातलेच वचन घेतले: ‘कद हाकेमह लो तिखला, वेत्सपाहत हाशेमेन लो तेहसार’, म्हणजे पिठाचा रांजण सरणार नाही आणि तेलाची कुपी उणी पडणार नाही. आधी हिब्रू, मग लगेच मराठी, असे म्हणायचे. शेवटी आरती असते तिथे काय करायचे, असे बुवांनी विचारले. तेथे आम्ही एलियाहू हनाबीचे नेहमीचे मलिद्याचे हिब्रू गीत ठेवले, कारण ते आबालवृद्धांना येते आणि सभागृहातला प्रत्येक जण त्यात आवाज मिसळू शकतो.

५ जानेवारी २०२५, रविवार

अलिबागची सहल. बस ठरवून रस्त्याने गेलो आणि वडखळला वाहतुकीत अडकून सगळी सकाळ गमावली. पुढच्या वेळी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोटीने जावे आणि तिकडे गाड्या कराव्यात. मुले उलट्या करीत आणि मोठी माणसे घड्याळ पाहत जेव्हा एकदाची पोहोचली, तेव्हा इस्राएल आळी आणि मागेन अबोथ सिनेगॉग यांसाठी जेमतेम वेळ उरला होता.

नवगावला मात्र घाई केली नाही. जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया येथल्या किनाऱ्याला लागल्या आणि बुडालेल्यांना येथेच पुरले, अशी आपली परंपरा आहे. तिथे आता स्मारकस्तंभ आहे. मुलांना प्रश्नपत्रिका दिलेली नव्हती. प्रत्येकाने येथे उभे राहून कीर्तनात घालता येईल असे एक वाक्य शोधायचे, इतकेच काम दिले होते.

बहुतेक वाक्ये समुद्राच्या लाटांविषयी होती. तेरा वर्षांच्या एका मुलीने वाक्याऐवजी प्रश्न विचारला. सारफथ हे सीदोनचे गाव, ती बाई इस्राएलची नव्हतीच, तिच्या घरात शेवटची भाकरी होण्याइतके पीठ होते; मग तिने एका परक्या माणसाला आधी वाढले ते का? कोणीतरी ‘देवाने सांगितले म्हणून’ असे उत्तर दिले. ती म्हणाली, ‘देवाने एलियाहूला सांगितले होते. तिला काही ऐकू आल्याचे लिहिलेले नाही.’ मग तिनेच पुढे विचारले की या चौदा जणांना पहिले जेवण कोणी वाढले असेल.

त्या प्रश्नानंतर पूर्वरंगाचा विषय शोधावा लागला नाही. भिजलेल्या कपड्यांनी, न कळणारी भाषा बोलत किनाऱ्याला आलेल्या माणसांना नवगावकरांनी ठेवून घेतले, त्यांना घाण्याचे काम करू दिले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ असे नाव देऊन आपल्या गावगाड्यात सामावून घेतले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली कोकणात होतेच, त्यामुळे एका दिवसाची सुटी हे कोणाला वावगे वाटले नाही. हे सगळे मी आजवर भाषणांत अनेकदा ऐकले आहे, पण सारफथच्या चुलीशी ते कोणी आणून जोडले नव्हते.

परतताना अलिबागजवळच्या खंडाळा गावी, एलियाहूच्या टाप्यावर थांबलो. एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खडकावरच्या खुणा लहान मुलांनी हाताने चाचपून पाहिल्या. अंधार पडल्याने मलिद्याचे ताट बसमध्येच उघडावे लागले.

१८ जानेवारी, शनिवार

पदे बांधण्याचे काम ठरल्यापेक्षा फार लांबले. ओवी मुलांना सहज जमली, कारण तिथे मात्रांचा जाच नाही. त्यांची पहिली ओवी अशी:

करीथचा ओहोळ आटला । पाण्याचा थेंब न उरला ।
देवे संदेश धाडिला । सारफथा जाय म्हणोनी ॥

साकीने मात्र घाम काढला. साकीच्या ओळीत सोळा आणि बारा अशा मात्रा लागतात. मुलांनी ‘मूठभर पीठ रांजणी उरले’ अशी ओळ केली होती. वाचताना ती गोड लागते, पण गाताना प्रत्येक वेळी ‘उरले’पाशी पाय अडखळावा तशी गायिका अडखळत होती आणि दोष तिच्या सरावाला दिला जात होता. शेवटी फळ्यावर अक्षराखाली एक-दोन असे आकडे मांडले, तेव्हा तिथे सतरा मात्रा निघाल्या. लहान मुलांना हे आकडे मांडणे गाण्याहून अधिक आवडले. बऱ्याच खटपटीनंतर साकी अशी बसली:

मूठ पीठ ते रांजणि उरले, तेल तळाशी थोडे ।
काड्या दोनच वेचित माता, आस जिवाची सोडे ॥

‘दोनच’ हा शब्द मूळ अध्यायात ती बाई स्वतःच दोन काड्यांचा उल्लेख करते त्यावरून आला. त्या एका शब्दासाठी मुलांनी हिब्रू पाठ उघडून आजोबांकडून शब्दन्‌शब्द वाचून घेतला. वर्गात बसवून हे कधीही झाले नसते.

पेटीची पट्टीही बदलावी लागली. आजोबांच्या सोयीने सगळे काळी एकमध्ये बसवले होते. तिथे मुलींचा आवाज खाली दबत होता आणि त्या भजनासारखे पुटपुटत होत्या. पट्टी पांढरी पाचपर्यंत चढवल्यावर आवाज खुलले, परंतु ज्या एका मुलाचा आवाज फुटू लागला आहे त्याला ती झेपेना. त्याला आता गद्य निवेदन दिले आहे आणि दुष्काळाचे वर्णन तो उत्तम करतो.

२५ जानेवारी, शनिवार

मुख्य गायिका दहावीत आहे आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. हे आम्हाला नोव्हेंबरमध्येच दिसायला हवे होते; फेब्रुवारीचा कार्यक्रम असेल तर दहावी-बारावीच्या मुलांवर मुख्य भार टाकू नये, हे ठळक अक्षरांत लिहून ठेवत आहे. तिच्या आईने नम्रपणे पण ठाम सांगितले. एकीच्या जागी एक आणण्याइतका वेळ नव्हता, म्हणून कीर्तनकाराची भूमिका तिघींत वाटली: पूर्वरंग नवगावला प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे, उत्तररंगाचा पहिला भाग एका आईकडे आणि शेवटचा एका आजींकडे. परंपरेत कीर्तनकार एकच असतो, त्यामुळे ही तडजोड मला अजूनही थोडी खटकते. कथा तीन पिढ्यांच्या तोंडून जाते हे सर्वांना आवडले, परंतु तिघींच्या वेगात फरक असल्याने दोन जागी सांधा दिसतो, हे मान्य केले पाहिजे.

पुस्तिकेनेही खोळंबा केला. श्रोत्यांना ध्रुपद आणि आशीर्वचने हातात द्यायची म्हणून हिब्रू आणि देवनागरी एकाच पानावर संगणकावर मांडली. छापखान्यातल्या संगणकाने उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या हिब्रू अक्षरांचा क्रम उलटा करून टाकला आणि छापून आल्यावर ओळ डावीकडून उजवीकडे वाचावी लागत होती, म्हणजे तिला काहीच अर्थ उरला नव्हता. सगळा गठ्ठा रद्दीत गेला. मुंबईत १८४६ मध्ये मराठी अर्थासह पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, छापली गेली ती शिळाप्रेसवर, म्हणजे दोन्ही लिप्या हाताने लिहूनच, हे एका आजोबांनी सांगितले आणि मुलांनी लगेच तोच मार्ग धरला. सुंदर हस्ताक्षराच्या दोन मुली आणि हिब्रू लिहिणारे एक काका बसले, काळ्या शाईने आठ पाने लिहिली आणि त्यांच्या झेरॉक्स काढल्या. अक्षर थोडे वरखाली झाले आहे, पण एकही शब्द उलटा नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज रात्रीपासून तू बिश्वात. मलिदा मुलांनी करायचा होता. पहिल्या परातीतले पोहे दुपारीच धुऊन ठेवल्याने संध्याकाळपर्यंत त्यांचा गोळा झाला. ते नंतर फोडणीला गेले. दुसऱ्या वेळी जाड पोहे चाळणीत धुऊन, निथळून, पसरून ठेवले आणि किसलेला गूळ, ओले खोबरे, वेलची, बदाम-बेदाणे अगदी शेवटी, हलक्या हाताने कालवले. गूळ आधी घातला तर पाणी सुटते.

खरी मजा फळे मांडताना आली. ताटात फळे नुसती शोभेसाठी न रचता खाण्याआधी म्हणायच्या आशीर्वचनाप्रमाणे गट करून मांडा, असे मुलांना सांगितले होते: झाडाच्या फळांचे आशीर्वचन वेगळे, जमिनीच्या पिकाचे वेगळे, पोह्यांचे तिसरे आणि सब्जा-गुलाबासारख्या सुगंधी वस्तूंचे चौथे. खजूर, सफरचंद, संत्रे झाडाकडे गेले. केळे कोणीतरी त्यांच्याच शेजारी ठेवले, तेव्हा एका नऊ वर्षांच्या मुलाने ते उचलून जमिनीच्या गटात ठेवले. ‘केळीला खोड कुठे असते? घड काढला की ती तोडतात,’ असे त्याचे म्हणणे. त्याच्या आजोळी परसात केळी आहेत. नियम अगदी हाच आहे, आणि तो त्याला कोणी शिकवलेला नव्हता. त्यानंतर पपईवरून जे भांडण जुंपले त्यात हजान (प्रार्थना चालवणारे), दोन आजोबा आणि स्वयंपाकघरातल्या बायका ओढल्या गेल्या. पपईबाबत जाणकारांतही मतभेद आहेत, असे हजानांनी सांगितल्यावर मुलांनी तिला दोन गटांच्या मधोमध एकटीच ठेवली. मेणबत्ती लावून आशीर्वचने म्हणताना आज प्रथमच प्रत्येक जण नेमके कोणते फळ हातात घ्यायचे ते पाहत होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

कीर्तन झाले. सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, म्हणून पुढे सतरंज्या घातल्या. माइकच्या तारेने सुरुवातीला खरखर केली, तो काढून टाकून तशीच सुरुवात केली. सव्वाशे माणसांच्या खोलीत पांढरी पाचमधला आवाज विनामाइक पोहोचतो. पूर्वरंग लांबला. मुलगी नवगावच्या भागात इतकी रमली की सारफथला पोहोचेपर्यंत मागे चुळबुळ सुरू झाली. ‘लो तेहसार’ हे ध्रुपद पहिल्या दोन वेळा फक्त आमचे लोक म्हणत होते. तिसऱ्या वेळी बुवांनी ठेका दुप्पट केला आणि सगळे सभागृह म्हणू लागले. आजींच्या भागात विधवेचा मुलगा आजारी पडतो तिथे त्यांनी ठरलेले गद्य सोडून स्वतःच्या बोलीत सांगायला सुरुवात केली. तो भाग सगळ्यांत उत्तम झाला आणि त्याचा कागद आमच्याकडे नाही, फक्त ध्वनिमुद्रण आहे.

शेजारच्या इमारतीतले काही लोक पेटी ऐकून आले होते. तेही मलिदा घेऊन गेले.

२ मार्च, रविवार

हिशेब. अलिबागची बस १२,००० रुपये, तबल्याचे मानधन ६,०००, पेटीची दुरुस्ती २,५००, न वापरलेला माइक आणि स्पीकर ३,०००, पुस्तिका ३,२०० (त्यातले १,८०० रद्दीचे), मलिदा, चहा आणि फळे ४,३००. एकूण ३१,००० रुपये. बस आणि माइक वगळले असते तर जवळपास निम्म्यात झाले असते. बस मात्र मी पुन्हाही वगळणार नाही. वर्गणी तालमीच्या डब्यात जमत गेली आणि उरलेले दोन कुटुंबांनी भरले.

हव्दालाला आता तालीम नसतानाही पंधरा-वीस माणसे येतात. ध्वनिसंदेश थांबलेले नाहीत, पण ते कोणी नोंदवून ठेवत नाही आणि फोन बदलला की जातील. त्यामुळे ते एका जागी तारीख, गाव आणि विषय लिहून उतरवण्याचे काम दोन महाविद्यालयीन मुलांनी घेतले आहे. बोलणाऱ्या प्रत्येक आजीची परवानगी घ्यायची आहे. दोघींनी गाणी द्यायला होकार दिला, घरगुती गोष्टी नकोत म्हणाल्या, त्या वेगळ्या काढल्या.

एस्तेरच्या कथेचा सण पुरीम १४ मार्चला असल्याने तिच्या आख्यानासाठी वेळ नाही. शावुओतला रूथची कथा वाचतात आणि तो सण जूनच्या सुरुवातीला येतो, म्हणून मे महिन्याच्या सुटीत रूथचे आख्यान घ्यायचे ठरले आहे. परीक्षा तेव्हा संपलेल्या असतील, पण निम्मी मुले गावी जातील आणि तारे उशिरा दिसतील. तालीम रविवारी सकाळी घ्यावी लागेल. बुवांनी मे महिन्याच्या तारखा आताच मागितल्या आहेत. दहावीतल्या गायिकेने परीक्षा संपताच नाओमीचे, म्हणजे रूथच्या सासूचे, काम आपल्याला हवे असे कळवले आहे.